स्वाइप करून परत आलं की टॅब कोरा: ही अडचण पुन्हा पुन्हा का येते आणि कशी मिटवायची

तक्रार साधारण अशी असते. अ‍ॅपमध्ये वर चार-पाच टॅब, खाली बोटाने सरकणारी पानं. पहिल्यांदा उघडल्यावर सगळं सुरळीत. मग वापरणारा शेवटच्या टॅबवर जातो, मध्येच दुसरं अ‍ॅप उघडतो, थोड्या वेळाने परत येतो आणि एखादं पान पांढरंफटक दिसतं. किंवा पान दिसतं, पण 'रिफ्रेश' दाबून काहीच हलत नाही. किंवा वरच्या पट्टीत 'जतन केलेले' निवडलेलं असतं आणि खाली यादी मात्र 'नवीन'ची. डेव्हलपरच्या फोनवर यातलं काहीच घडत नाही. मग अंदाजाने एखादी ओळ बदलली जाते, तक्रार काही दिवस थंडावते आणि पुढच्या आवृत्तीत पुन्हा डोकं वर काढते.

ती पुन्हा येते, कारण दरवेळी लक्षणावर इलाज होतो. मूळ कारण बहुतेक वेळा एकच असतं: सरकणारी पानं आपण बनवली म्हणून ती आपल्या हातात आहेत, असं कोड गृहीत धरतो. प्रत्यक्षात पान कधी उभं करायचं, कधी पाडायचं आणि कधी जुन्या स्थितीतून पुन्हा उभं करायचं, हे पेजर (पानं सरकवणारा घटक) आणि सिस्टीम ठरवतात. हे एकदा मान्य केलं की खालच्या बहुतेक दुरुस्त्या आपोआप सुचतात. मुख्य विवेचन अँड्रॉइडच्या व्ह्यूपेजर२ (सरकणारी पानं) आणि टॅबलेआउट (वरची टॅबची पट्टी) या जोडीवर आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. स्क्रीन बनवायच्या कंपोज आणि फ्लटर या दुसऱ्या साधनांबद्दल शेवटी.

आधी तक्रार हुकमी घडवून आणा

कोडला हात लावण्याआधी ही तक्रार हवी तेव्हा घडवता आली पाहिजे. नाहीतर खरंच दुरुस्ती झाली की प्रकार योगायोगाने थांबला, हे कळायला मार्गच उरत नाही.

सगळ्यात उपयोगी चाचणी म्हणजे प्रोसेस (मेमरीत चालू असलेलं अ‍ॅप) मारणं. अ‍ॅप उघडा, चौथ्या टॅबवर जा, होम दाबून अ‍ॅप मागे टाका. मग संगणकावरून 'एडीबी शेल एएम किल' (adb shell am kill) ही आज्ञा पॅकेजच्या नावासह द्या आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून परत आत या. फोनची मेमरी कमी पडल्यावर सिस्टीम नेमकं हेच करते. अलीकडच्या यादीतून अ‍ॅप सरकवून काढून टाकणं किंवा सेटिंगमधून 'फोर्स स्टॉप' करणं ही चाचणी नव्हे. तिथे जतन केलेली स्थितीसुद्धा जाते, अ‍ॅप कोऱ्या पाटीने सुरू होतं आणि दोष झाकला जातो. 'मी अ‍ॅप बंद करून पाहिलं, चालतंय' असं कोणी म्हटलं तर नेमकं कसं बंद केलं, हे विचारून घ्या.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅक्टिव्हिटीज ठेवू नका' असा पर्याय असतो, तोही चालू करून बघा. त्यात अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपचा एक स्क्रीन) आणि तिचं व्ह्यूमॉडेल (त्या स्क्रीनची माहिती सांभाळणारं ऑब्जेक्ट) जातं, प्रोसेस मात्र जिवंत राहते. त्यामुळे सिंगलटनमध्ये (अ‍ॅपभर एकच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवलेली माहिती टिकते आणि काही दोष निसटतात. फोन आडवा करणं ही त्याहून सौम्य चाचणी, कारण तिथे व्ह्यूमॉडेलसुद्धा टिकतं. तिन्ही करा, पण भरवसा पहिलीवर ठेवा.

चौथी चाचणी साधी आहे: पहिल्या टॅबवरून सावकाश स्वाइप करत पाचव्यावर जा आणि तसंच मागे या. तीनच टॅब असलेल्या अ‍ॅपमध्ये न दिसणारा दोष पाच टॅबमध्ये का दिसतो, याचं उत्तर पेजरच्या आत आहे.

पेजर आतून काय करतो

व्ह्यूपेजर२ची पहिली स्थिर आवृत्ती २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आली. जुना व्ह्यूपेजर पानांची मांडणी स्वतः करायचा. नवा मात्र आतून चक्क रिसायकलरव्ह्यू (लांब याद्या दाखवणारा घटक) आहे. म्हणजे तुमचे टॅब ही एक आडवी यादी आणि प्रत्येक पान ही तिची एक ओळ. रिसायकलरव्ह्यूचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे: नजरेआड गेलेल्या थोड्या ओळी तो हाताशी ठेवतो, बाकीच्या पुनर्वापराला काढतो. हाताशी ठेवायची त्याची मूळ मर्यादा दोनची आहे. बोट सरकत असताना पुढचं पान आगाऊ तयार केलं जातं, त्यामुळे ती थोडी वाढते, इतकंच.

आता हिशेब लावा. तीन टॅब असतील तर तिसऱ्यावर असताना पहिली दोन्ही पानं हाताशीच राहतात, काहीच पाडलं जात नाही. पाच टॅब असतील तर पाचव्यावर पोचेपर्यंत पहिलं पान पुनर्वापराला गेलेलं असतं. पान गेलं की फ्रॅगमेंटस्टेटअ‍ॅडॅप्टर (पेजरला पानं पुरवणारा अ‍ॅडॅप्टर) त्यातलं फ्रॅगमेंट (पानाचा मजकूर आणि वागणूक सांभाळणारं ऑब्जेक्ट) काढून टाकतो, त्याची जतन केलेली स्थिती तेवढी बाजूला ठेवतो आणि तुम्ही परत आलात की क्रिएटफ्रॅगमेंट या फंक्शनला पुन्हा हाक मारून नवं फ्रॅगमेंट घेतो. तीन टॅबवर महिनोन्महिने निर्धास्त चाललेलं अ‍ॅप चौथा-पाचवा टॅब जोडला की बिघडतं, ते यामुळे. नव्या टॅबचा त्यात काही दोष नसतो.

तपासताना आणखी एक ध्यानात ठेवा. क्रिएटफ्रॅगमेंटमध्ये लॉग टाकून 'पान उघडलं' असा निष्कर्ष काढू नका. आगाऊ तयारीत ही हाक आधीच जाते. ते फ्रॅगमेंट फ्रॅगमेंटमॅनेजरकडे (फ्रॅगमेंटचा हिशेब ठेवणाऱ्या घटकाकडे) सोपवणं नंतर, पान खिडकीला जोडलं जाताना होतं. लॉग टाकायचाच असेल तर फ्रॅगमेंटच्या ऑनक्रिएटव्ह्यू, ऑनरिझ्यूम आणि ऑनडिस्ट्रॉयव्ह्यूमध्ये टाका आणि सोबत त्या ऑब्जेक्टचा आयडेंटिटी हॅशकोड छापा. एकाच टॅबसाठी दोन वेगवेगळे हॅशकोड दिसले की निम्मं निदान झालंच.

फ्रॅगमेंटची यादी हाताशी ठेवणं

हा दोष सगळ्यात जास्त आढळतो, म्हणून तो जरा जवळून बघू.

अ‍ॅक्टिव्हिटीच्या ऑनक्रिएटमध्ये यादी बनवली जाते: नवीन, वाचलेले, जतन केलेले, संग्रह अशी चार फ्रॅगमेंट. अ‍ॅडॅप्टरचं क्रिएटफ्रॅगमेंट त्या यादीतलं त्या क्रमांकाचं ऑब्जेक्ट परत देतं. पुढे टूलबारवरचं रिफ्रेश बटण दाबलं की अ‍ॅक्टिव्हिटी यादीतलं सध्याच्या क्रमांकाचं फ्रॅगमेंट उचलते आणि त्याच्यावर थेट रिफ्रेश फंक्शन चालवते. वाचायला अगदी सरळ कोड.

आता प्रोसेस मेली आणि वापरणारा परत आला. अ‍ॅक्टिव्हिटी नव्याने बनते. ऑनक्रिएटच्या सुरुवातीच्या सुपर कॉलमध्येच फ्रॅगमेंटमॅनेजर जुन्या स्थितीतून आपली फ्रॅगमेंट स्वतःच पुन्हा बनवतो, रिकाम्या कन्स्ट्रक्टरने. त्यानंतर तुमची ओळ येते आणि यादीत आणखी चार फ्रॅगमेंट बनतात. अ‍ॅडॅप्टर बघतो की या पानासाठी मॅनेजरकडे फ्रॅगमेंट आधीच आहे, म्हणून तो क्रिएटफ्रॅगमेंटला विचारतच नाही. स्क्रीनवर दिसतं ते मॅनेजरचं फ्रॅगमेंट. तुमच्या यादीत आहे ते कधीच न जोडलेलं, व्ह्यू नसलेलं ऑब्जेक्ट. रिफ्रेश दाबलं की हाक त्या दुसऱ्याला जाते. बाइंडिंग (व्ह्यूंचा संदर्भ) लेटइनिट, म्हणजे नंतर भरायचं म्हणून सोडलेलं, असेल तर तिथेच क्रॅश. कोणी 'व्ह्यू नल असेल तर काही करू नका' असं संरक्षण घातलं असेल तर बटण मुकं. माझ्या मते हे मुकं बटण क्रॅशपेक्षा वाईट, कारण क्रॅशची निदान नोंद तरी होते.

दुरुस्ती अशी. यादी काढून टाका. क्रिएटफ्रॅगमेंट प्रत्येक वेळी नवं फ्रॅगमेंट देईल असं लिहा आणि ते कुठेही साठवू नका. फ्रॅगमेंटला लागणारी माहिती कन्स्ट्रक्टरमधून न देता आर्ग्युमेंट्सच्या बंडलमधून (सिस्टीम जपून ठेवते अशा गाठोड्यातून) द्या. कन्स्ट्रक्टरमधून दिली आणि स्वतःची फ्रॅगमेंटफॅक्टरी नसेल तर पुन्हा उभं करताना 'कुड नॉट फाइंड फ्रॅगमेंट कन्स्ट्रक्टर' म्हणत अ‍ॅप कोसळतं. आणि पानांशी बोलायचं असेल तर सामाईक व्ह्यूमॉडेलमधून बोला. टूलबारचं बटण व्ह्यूमॉडेलला 'नवीन यादी आण' एवढंच सांगतं. पान त्या यादीकडे नजर लावून बसलेलं असतं. पान त्या क्षणी जिवंत आहे की नाही, याची काळजी बटणाला करावीच लागत नाही. प्रोसेस मेल्यावरही जे टिकायला हवं, म्हणजे निवडलेला फिल्टर किंवा शोधाचा मजकूर, ते सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवा. मोठ्या याद्या तिथे कोंबू नका. त्या डेटाबेसमधून किंवा नेटवर्कवरून पुन्हा आणता येतात.

'एफ' आणि क्रमांक जोडून टॅगने फ्रॅगमेंट शोधायची एक युक्ती जागोजागी सुचवलेली सापडते. अ‍ॅडॅप्टर आतून तसा टॅग लावतो हे खरं, पण ती त्याची अंतर्गत बाब आहे. त्यावर घर बांधू नका.

कोणाचा मॅनेजर, कोणाचं लाइफसायकल

खाली बॉटम नेव्हिगेशन, त्यातल्या एका फ्रॅगमेंटमध्ये वरचे टॅब, अशी रचना आता सर्रास असते. त्यातली ठरावीक तक्रार म्हणजे 'दुसऱ्या विभागात जाऊन परत आलं की सगळे टॅब कोरे'. अशा वेळी सगळ्यात आधी अ‍ॅडॅप्टरचा कन्स्ट्रक्टर बघा. त्याला रिक्वायरअ‍ॅक्टिव्हिटी दिलेलं असेल तर दोष तिथेच आहे. तो अ‍ॅक्टिव्हिटीचा फ्रॅगमेंटमॅनेजर वापरतो. मूळ फ्रॅगमेंटचा व्ह्यू गेला तरी मॅनेजरला वाटतं पानं आहेतच. आतल्या पानांचा मालक मूळ फ्रॅगमेंट असला पाहिजे, म्हणजे चाइल्डफ्रॅगमेंटमॅनेजर. जुन्या व्ह्यूपेजरच्या काळापासून ही खोड चालत आली आहे.

पण फक्त 'धिस' (म्हणजे मूळ फ्रॅगमेंट) देऊनही पूर्ण काम होत नाही. त्या कन्स्ट्रक्टरमध्ये मॅनेजर बरोबर मिळतो, लाइफसायकल (कधी सुरू झालं, कधी संपलं याचा हिशेब) मात्र फ्रॅगमेंटचं मिळतं, त्याच्या व्ह्यूचं नाही. बॅकस्टॅकवर (मागे जाण्यासाठी ठेवलेल्या स्क्रीनच्या थप्पीवर) गेलेल्या फ्रॅगमेंटचा व्ह्यू नष्ट होतो, फ्रॅगमेंट स्वतः जिवंत राहतं. हा फरकच अडचणीचा. म्हणून दोन आर्ग्युमेंट्स घेणारा कन्स्ट्रक्टर वापरा: चाइल्डफ्रॅगमेंटमॅनेजर आणि व्ह्यूलाइफसायकलओनरचं लाइफसायकल. अ‍ॅडॅप्टर ऑनव्ह्यूक्रिएटेडमध्ये बनवा, क्लासच्या फील्डमध्ये साठवू नका आणि ऑनडिस्ट्रॉयव्ह्यूमध्ये पेजरचा अ‍ॅडॅप्टर नल करा.

अ‍ॅडॅप्टर फील्डमध्ये साठवून पुन्हा तोच लावला तर आणखी एक क्रॅश भेटतो, 'एक्स्पेक्टेड द अ‍ॅडॅप्टर टू बी फ्रेश व्हाइल रिस्टोअरिंग स्टेट' या संदेशाचा. अर्थ सरळ आहे: पेजर जुनी स्थिती परत भरायला निघाला आणि अ‍ॅडॅप्टरच्या पोटात आधीच फ्रॅगमेंट किंवा त्यांच्या स्थिती आहेत. या क्रॅशवर पेजरचं स्थिती जतन करणंच बंद करायचा उपाय केलेला दिसतो. त्याने क्रॅश थांबतो, पण वापरणाऱ्याची जागा हरवते. नवा व्ह्यू, नवा अ‍ॅडॅप्टर, एवढा नियम पाळला की पुरतं.

क्रमांक ही पानाची ओळख नव्हे

टॅब कायम तेच असतील तर हा भाग सोडून दिला तरी चालेल. पण लॉगिन केल्यावर एखादा टॅब वाढत असेल, सर्व्हरकडून टॅब येत असतील किंवा वापरणाऱ्याला क्रम बदलता येत असेल, तर चुकीचं पान दिसण्याची तक्रार आज ना उद्या येणारच.

गेटआयटमआयडी हे फंक्शन मुळात पानाचा क्रमांकच ओळख म्हणून परत देतं. समजा टॅब आहेत नवीन, जतन केलेले, संग्रह. ओळखी ०, १, २. 'जतन केलेले' काढला. आता संग्रहाचा क्रमांक १ झाला. अ‍ॅडॅप्टरकडे १ या ओळखीचं फ्रॅगमेंट आधीच आहे, ते 'जतन केलेले'चं. तो तेच दाखवतो. वर शीर्षक 'संग्रह', खाली जतन केलेली यादी. नोटिफायडेटासेटचेंज्ड कितीही वेळा चालवलं तरी हे बदलत नाही, कारण अ‍ॅडॅप्टरच्या हिशेबाने काहीच बदललेलं नाही.

प्रत्येक टॅबला स्वतःचा कायमचा लाँग क्रमांक द्या, तो टॅबच्या डेटा क्लासमध्येच ठेवा आणि गेटआयटमआयडीतून परत द्या. शीर्षकाच्या हॅशकोडवरून ओळख काढू नका. भाषा बदलली की शीर्षक बदलतं आणि दोन मजकुरांचा हॅशकोड एकच येऊ शकतो. यासोबत कंटेन्सआयटम ओव्हरराइड करणं तितकंच गरजेचं आहे, आणि नेमकं हेच राहून जातं. त्याची मूळ व्याख्या 'शून्यापासून पुढचा, पानांच्या संख्येहून लहान कोणताही आकडा' अशी आहे. तुमच्या ओळखी १०१, १०२ अशा असतील तर अ‍ॅडॅप्टरला वाटतं ही पानं अस्तित्वातच नाहीत. मग तो पुनर्वापराला गेलेल्या पानाची स्थिती ठेवत नाही आणि प्रोसेस मेल्यानंतर परत आणलेली फ्रॅगमेंट झाडून टाकतो. 'स्क्रोलची जागा टिकत नाही' अशा तक्रारीमागे ही एक विसरलेली ओळ असू शकते.

टॅबची यादी बदलताना ती एकाच जागी बदला. टॅबलेआउटमेडिएटरच्या (टॅबची पट्टी आणि पेजर जोडणाऱ्या क्लासच्या) कॉलबॅकमध्ये शीर्षक ज्या यादीतून येतं, अ‍ॅडॅप्टरही तीच यादी वाचत असला पाहिजे. मेडिएटर मुळातच अ‍ॅडॅप्टरमधले बदल ऐकून पट्टी पुन्हा भरतो, त्यामुळे हाताने टॅब जोडण्या-काढण्याचा कोड असेल तर तो काढा. अ‍ॅटॅच करण्याआधी पेजरला अ‍ॅडॅप्टर लावलेला हवा, नाहीतर तो तिथेच एक्सेप्शन फेकतो. जुन्या व्ह्यूपेजरवरून आलेल्या प्रकल्पात स्वतः लिहिलेले टॅबसिलेक्टेड आणि पेजसिलेक्टेड लिसनरही तसेच पडून असतात आणि मेडिएटरशी भांडतात. तेही हटवा.

शेजारच्या टॅबचा टोस्ट या टॅबवर

शेजारच्या पानाचा टोस्ट (क्षणभर दिसणारा छोटा संदेश) समोरच्या पानावर दिसतो, ही तक्रार वेगळी भासते, पण मूळ त्याच गृहीतात आहे. व्ह्यूपेजर२मध्ये फक्त समोरचं पान रिझ्यूम्ड (पूर्ण वापरात) असतं. जोडलेली बाकी पानं स्टार्टेडवर (त्याच्या आधीच्या पायरीवर) थांबवलेली असतात. लाइव्हडेटा (बदल झाला की पानाला कळवणारा घटक) स्टार्टेडपासूनच सक्रिय धरला जातो. म्हणून शेजारच्या पानाची विनंती फसली तर त्याचा 'माहिती आणता आली नाही' हा टोस्ट समोरच्या, व्यवस्थित भरलेल्या पानावर झळकतो. वापरणाऱ्याला वाटतं हेच पान बिघडलं.

यादीसारखी स्थिती स्टार्टेडवर वाचा, ते योग्यच आहे. स्वाइप करताना शेजारचं पान अर्धं दिसतं तेव्हा ते भरलेलं असावं. टोस्ट, डायलॉग, स्नॅकबार अशा एकदाच घडणाऱ्या गोष्टी मात्र रिपीटऑनलाइफसायकलला रिझ्यूम्ड ही पातळी देऊन ऐका. 'पान समोर आलं' हे ओळखायचं असेल तर ऑनरिझ्यूम पुरेसं आहे. सेटयूजरव्हिजिबलहिंट वापरायचा जुना सल्ला अजून फिरतो. ते कालबाह्य ठरवलेलं आहे आणि व्ह्यूपेजर२ त्याला हाक मारत नाही, त्यामुळे त्यातला कोड कधी चालणारच नाही.

मर्यादा वाढवून सुटका होत नाही

ऑफस्क्रीनपेजलिमिट (नजरेआडची किती पानं जोडलेली ठेवायची ती मर्यादा) टॅबच्या संख्येइतकी ठेवली की कोरं पान दिसणं थांबतं, म्हणून हा उपाय फार लोकप्रिय आहे. त्याने सगळी पानं कायम जोडलेली राहतात, हे खरं. पण प्रोसेस मेल्यावर तीच गत होते, कारण यादीतली फ्रॅगमेंट आणि मॅनेजरची फ्रॅगमेंट तेव्हाही वेगळीच असतात. शिवाय अ‍ॅप उघडताच पाचही पानांच्या नेटवर्क विनंत्या एकदम सुटतात आणि पहिलं पान, जे खरं तर लवकर दिसायला हवं, तेच रेंगाळतं. पानं दोन-तीन, हलकी आणि कायमची असतील आणि स्वाइप करताना झटका बसत असेल, तर मर्यादा जरूर वाढवा. गती सुधारायला तिचा उपयोग आहे. डेटा टिकवायला ती वापरू नका.

बोटाचं भांडण

पानात आडवी सरकणारी यादी, चित्रांची पट्टी किंवा नकाशा असेल तर बोट कोणाचं, यावर पेजर आणि आतला घटक यांच्यात ओढाताण होते. गूगलच्या व्ह्यूपेजर२च्या नमुना प्रकल्पात नेस्टेडस्क्रोलेबलहोस्ट नावाचा छोटा क्लास आहे. आडव्या यादीला त्यात गुंडाळलं की यादी संपेपर्यंत स्पर्श तिचा आणि टोकाला पोचल्यावर पेजरचा, अशी वाटणी होते. यादी त्याचं थेट आणि एकुलतं एक अपत्य असायला हवी, एवढं पाळा. नकाशाला टोक नसतं. तिथे नकाशावर बोट असेपर्यंत पेजरला स्पर्श अडवू देऊ नका, किंवा त्या पानावर इजयूजरइनपुटएनेबल्ड बंद करा आणि जायला वरचा टॅब आहेच.

उभ्या यादीत बोट जरा तिरकं गेलं की पान सरकतं, ही तक्रारही येते. यावर रिफ्लेक्शनने (खाजगी कोडला मागच्या दाराने हात लावून) आतल्या रिसायकलरव्ह्यूचा टचस्लॉप (बोट किती हललं की सरकणं धरायचं ती मर्यादा) वाढवण्याचा तोडगा सापडेल. तो खाजगी फील्डच्या नावावर टेकलेला आहे, लायब्ररी बदलली की मोडेल. फार निकड असेल तरच वापरा आणि शेजारी टिप्पणी लिहून ठेवा.

अँड्रॉइड १०पासून, जेश्चर नेव्हिगेशन चालू असेल तर, स्क्रीनच्या कडेवरून आत ओढलेलं बोट सिस्टीमच्या 'मागे जा'साठी आहे. पहिल्या टॅबवर अगदी कडेपासून स्वाइप केलं की अ‍ॅप बंद होतं, अशी तक्रार आली तर तो तुमचा दोष नाही. ती कडा अडवायची सोय आहे, पण प्रत्येक कडेला २०० डीपीपर्यंतच (डीपी हे स्क्रीनवरचं मोजमापाचं एकक), आणि पूर्ण पानभर पसरलेल्या पेजरसाठी ती नाहीच. सोडून द्या.

कंपोजमध्ये पट्टी अध्येमध्ये अडकते

कंपोजमध्ये फ्रॅगमेंटचा व्याप नाही, पण दुसरा एक सापळा आहे. सिलेक्टेडटॅब असं स्वतःचं व्हेरिएबल, पेजरस्टेट वेगळी आणि दोघांना जुळवायला दोन लाँचडइफेक्ट (किंमत बदलली की पुन्हा चालणारे कोडचे तुकडे): एक टॅब बदलला की पेजर हलवतो, दुसरा पेजरचं करंटपेज बदललं की टॅब बदलतो. आता पहिल्या टॅबवरून तिसरा दाबा. सिलेक्टेडटॅब २ होतो, पेजर सरकायला लागतो. वाटेत करंटपेज १ होतं. दुसरा इफेक्ट लगेच सिलेक्टेडटॅब १ करतो. पहिला इफेक्ट पुन्हा सुरू होतो, चालू असलेलं सरकणं रद्द करतो आणि पेजरला १वर थांबवतो. वापरणाऱ्याने तिसरा टॅब दाबला आणि दुसरा उघडला.

इथे विलंब घालणं, झेंडे लावणं असले उपाय करू नका. सिलेक्टेडटॅब काढूनच टाका. निवडलेला टॅब पेजरस्टेटच्या करंटपेजवरून किंवा टार्गेटपेजवरून वाचा, आणि टॅब दाबल्यावर कोरुटीन स्कोपमध्ये अ‍ॅनिमेटस्क्रोलटूपेज चालवा. डेटा आणणं किंवा स्क्रीन पाहिल्याची नोंद करणं हे सेटल्डपेजवर टांगा, म्हणजे वाटेतल्या पानांसाठी ते सुटणार नाही. पेजरला 'की' (key, म्हणजे पानाची ओळख) द्यायला विसरू नका. क्रमांक आणि ओळखीचा वर सांगितलेला मुद्दा इथे तसाच लागू आहे. ही 'की' बंडलमध्ये साठवता येईल अशा प्रकारची हवी. पानाच्या आत साध्या रिमेंबरमध्ये ठेवलेली गोष्ट पान दूर गेल्यावर जाते, रिमेंबरसेव्हेबलमधली टिकते.

फ्लटरमध्ये

फ्लटरचा सरकणाऱ्या पानांचा घटक, टॅबबारव्ह्यू, हासुद्धा नजरेआडची पानं टाकून देतो. परत आल्यावर इनिटस्टेट पुन्हा चालतं आणि यादी पुन्हा पहिल्यापासून येते. पान जिवंत ठेवायचं असेल तर स्टेट क्लासला ऑटोमॅटिककीपअलाइव्हक्लायंटमिक्सिन जोडा, वाँटकीपअलाइव्हमधून ट्रू द्या आणि बिल्डच्या पहिल्याच ओळीत सुपर डॉट बिल्ड लिहा. ही शेवटची ओळ राहिली तर मिक्सिन असूनही पान टिकेलच याची खात्री नसते. फक्त स्क्रोलची जागा हवी असेल तर यादीला पेजस्टोरेजकी दिली तरी भागतं. फ्यूचरबिल्डरचं फ्यूचर बिल्डच्या आत बनवलं असेल तर प्रत्येक रीबिल्डला नवी विनंती जाते. ते बाहेर काढा.

टॅबकंट्रोलरची लांबी बनवतानाच ठरते. टॅब वाढला तर जुना कंट्रोलर डिस्पोज करून नवा बनवावा लागतो. अशा वेळी सिंगलटिकरप्रोव्हायडर चालत नाही, टिकरप्रोव्हायडरस्टेटमिक्सिन घ्या. आणि कंट्रोलरचा लिसनर टॅब दाबल्यावर दोनदा वाजतो, एकदा बदल सुरू होताना आणि एकदा संपल्यावर. म्हणून विनंती पाठवण्याआधी इंडेक्सइजचेंजिंग तपासा.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवाल

चालू प्रकल्पात हात घालताना मी हा क्रम सुचवेन: आधी अ‍ॅडॅप्टरचा कन्स्ट्रक्टर, मग क्रिएटफ्रॅगमेंट काय परत देतं ते, मग गेटआयटमआयडी आणि कंटेन्सआयटमची जोडी, आणि शेवटी पानांशी थेट बोलणारी प्रत्येक ओळ. पहिल्या तीन गोष्टी एका फाइलमध्ये सापडतात. चौथीला वेळ लागतो, कारण ती अ‍ॅपभर पसरलेली असते, पण तीच अर्धवट सोडली तर तक्रार परत येते.

त्यानंतर ऑफस्क्रीनपेजलिमिट मूळ किमतीवर आणा, म्हणजे काही झाकलेलं राहणार नाही. पाचव्या टॅबवर यादी मध्यापर्यंत सरकवा, एखादा फिल्टर लावा, होम दाबा, प्रोसेस मारा, परत या. तोच टॅब निवडलेला, तोच फिल्टर लागलेला आणि रिफ्रेश बोलता हवा. मग पहिल्या टॅबपर्यंत स्वाइप करत जा आणि प्रत्येक पानावर रिफ्रेश दाबा. अ‍ॅक्टिव्हिटीसिनारिओच्या रिक्रिएटने (स्वयंचलित चाचणीत वापरायचं फंक्शन) फोन आडवा केल्यासारखी स्थिती आपोआप तपासता येते, ती चाचणी प्रकल्पात कायमची ठेवा. प्रोसेस मरण्याची जागा मात्र ती घेऊ शकत नाही, त्यामुळे 'एएम किल'ची फेरी प्रत्येक आवृत्तीआधी हाताने करायच्या यादीत असू द्या, आणि टॅब वाढवणारा बदल आला की त्याच दिवशी.